गिरणीकाकांचा समुद्र

गिरणीकाकांना हळू बोलता यायचं नाही. मयताच्या घरी समाचाराला गेले तरी त्यांचा आवाज ओटीवरून पार रस्त्यापर्यंत जायचा. कुणाच्या कानात काही गुपित सांगायला ते वाकले की आजूबाजूचे लोक हसू दाबून दुसरीकडे बघायचे. सगळी उमर भाताच्या गिरणीत गेलेली. पट्ट्याचा फटफटाट आणि चाळणीची थरथर ऐकून ऐकून बारीक आवाज त्यांच्या कानातून कधी निघून गेले, ते त्यांनाही कळलं नाही. पाखराचा चिवचिवाट त्यांना ऐकू यायचा नाही, मोबाइलची रिंग ऐकू यायची नाही. पण रस्त्याच्या वळणावर ट्रक आला की त्याची घरघर ते आमच्या आधी ओळखायचे. "माझ्या कानात कोंडा गेलाय रे," असं म्हणायचे आणि स्वतःच मोठ्यानं हसायचे.

त्यांचं गाव मुरबाडपासून जीपनं थोडं आत. माझा मुरबाडच्या बाजारात फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या शूटिंगची कामं करतो. लहानपणी वडिलांबरोबर भाताची पोती घेऊन मी त्यांच्या गिरणीवर जायचो. काका मशीनच्या तोंडाशी उभे राहून गरम तांदूळ तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायचे आणि कणी फार पडत असली तर वडिलांना ओरडून सांगायचे, "दोन दिस अजून वाळवायला पायजे होतं, पाटील!" पुढे मी कॅमेरा घेतला, तेव्हापासून त्यांनी माझं नावच टाकलं. मला 'शूटिंग' म्हणायचे. "काय रे शूटिंग, जेवलास का?"

त्यांना एकच मुलगा, महेश. त्याला गिरणी नको होती. कुठलासा कोर्स करून तो मालवाहू जहाजावर स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून लागला. आमच्या भागात धरणाचं पाणी सगळ्यांनी पाहिलेलं, पण समुद्रावर नोकरी म्हणजे अप्रूपच. महेश फोनवरून व्हॉइस मेसेज पाठवायचा आणि काका ते ओटीवर बसून मोठ्यानं लावायचे. गिरणीवर आलेली माणसं पोती बाजूला ठेवून ऐकायची. एकदा त्यानं मेसेज पाठवला, "बाबा, आज ऐकाच. समुद्र ऐका." पुढे त्यानं फोन हवेत धरला असावा, कारण नंतर नुसती फरफर होती, पत्र्यावर कुणी प्लॅस्टिकचा कागद घासावा तशी. काकांनी लगेच उलट निरोप पाठवला, "काय पन ऐकू आला नाय रे! परत पाठव!" महेश हसून म्हणाला, वारा कमी झाला की पाठवतो.

तो मेसेज आलाच नाही. मुंबईच्या एजन्सीतून फोन आला की सकाळच्या हजेरीला महेश जहाजावर नव्हता. जहाज मागे फिरवून शोधलं, दुसऱ्या जहाजांना कळवलं, काही मिळालं नाही. तो कसा पडला, कुणी पाहिलं का, यातलं काहीच नंतरही कळलं नाही. काही महिन्यांनी त्याच्या सामानाचा खोका घरी आला. त्यात कपडे होते, दाढीचं सामान होतं आणि थंड मुलुखात घालायचं एक जाड जाकीट होतं, टोपीला केसाळ पट्टी लावलेलं.

काकांनी त्या दिवसापासून गिरणी बंद केली. काकी मात्र रडलीच नाही. तिचं म्हणणं असं, की धरणात बुडालेला माणूससुद्धा दोन-तीन दिवसांत वर येतो, पाणी माणसाला ठेवून घेत नाही. महेश वर आला नाही, म्हणजे तो बुडालाच नाही. कुठल्यातरी बोटीनं उचललं असणार, परक्या मुलखात असेल, भाषा येत नसेल, कागद हरवले असतील. ती समजावणाऱ्याचं शांतपणे ऐकून घ्यायची आणि जेवणाच्या वेळी एक ताट जास्त काढायची. तिनं समुद्र कधी पाहिला नव्हता. खर्डीजवळचं माहेर आणि मुरबाडकडचं सासर, एवढ्यातच तिचा जन्म गेला होता.

पावसाळा सरल्यावर काका स्टुडिओत आले. फोन माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "शूटिंग, तू लग्नातला गोंगाट काढून मंगलाष्टकं साफ करतोस ना? यातली ही फरफर काढ. मला समुद्र पायजे."

मी खरोखर खूप प्रयत्न केला. फरफर कमी केली की मागे काहीच उरत नव्हतं. मग मी त्यांना समजावून सांगितलं. फोन बोलण्यासाठी केलेला असतो. तो तोंडाजवळचा आवाज धरतो, बाकीचं सगळं गोंगाट समजून दाबतो. त्यात त्याच्या छोट्या भोकावर वारा आदळला की माइक गुदमरतो. समुद्र या मेसेजमध्ये आलाच नाही, त्यामुळे तो बाहेर काढता येणार नाही. काका बराच वेळ माझ्या कॉम्प्युटरवरच्या रेषा बघत राहिले. मग म्हणाले, "मंग ज्यात येतो ती मशीन घेऊ. त्याला मला काय ऐकवायचं होतं, ते मला ऐकायचंय."

आधी मी माझा कॅमेऱ्यावरचा लांब नळीसारखा माइक लावून बघितला. तो समोरच्या एका माणसाचं बोलणं धरायला चांगला, पण ओढ्याकाठी लावला तर ओढा नळातून पडणाऱ्या पाण्यासारखा ऐकू आला. रुंदीच नाही. मग कल्याणला माझ्या ओळखीचा एक दुकानदार आहे, त्याच्याकडून मी तळहातात मावणारे रेकॉर्डर पारखायला आणले, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन माइक असलेले. एकाचा पडदा मोठा आणि सुंदर होता, पण सगळं बोटानं सरकवायचं. काकांच्या जाड बोटांना ते जमेना. त्यांना जुन्या रेडिओला असतं तसं फिरवायचं बटण हवं होतं, आवाजाची पातळी हातानं कमीजास्त करता येईल असं. दुसऱ्या एकाची बॅटरी आतच बसवलेली. मी म्हटलं, रानात वीज कुठली, साधे सेल घालता येतील तेच बरं.

राहिली मोठी अडचण. प्रत्येक यंत्राचा स्वतःचा एक बारीक सूं असा आवाज असतो. लग्नाच्या बँडमध्ये तो कळत नाही, पण रानातली शांतता धरायची तर तोच पुढे येतो. काकांना तो ऐकूच येईना. ते प्रत्येक मशीनला चांगली म्हणायला लागले. शेवटी त्यांनी काकीला हाक मारली. बंद गिरणीचं दार लावून आम्ही आत बसलो, हेडफोन तिच्या कानावर चढवले आणि एकेक रेकॉर्डर चालू केला. काकीनं डोकं बाजूला कलवलं. एकाला म्हणाली, "यात फोडणी जळतेय." दुसऱ्याला म्हणाली, "यात लांब कुठं तरी कुकर हाय." तिसऱ्यावर काहीच बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. काका ओरडले, "अगो, बोल की!"

"काय बोलू? पाल सरकली पत्र्यावर. तेवढीच ऐकू आली."

तो रेकॉर्डर आम्ही घेतला. काका म्हणाले, "मशीननं गप बसायला शिकलं पायजे." हे वाक्य त्यांनी गिरणी दुमदुमेल इतक्या मोठ्यानं म्हटलं.

हे सगळं कशासाठी, असं काकीनं विचारलं तेव्हा काकांनी पाखरांसाठी म्हणून सांगितलं. समुद्राचा उल्लेखही केला नाही. आणि मग खरंच पाखरांपासून सुरुवात झाली, कारण यंत्रावर हात बसायला हवा होता. सुट्टीच्या दिवशी मी मोटारसायकलनं जायचो, ती दोघं जीपनं यायची. ओढ्याच्या डोहाजवळ, सागाच्या वाळल्या पाल्यात, कधी काकीच्या माहेराकडे खर्डीच्या रानात आम्ही बसायचो. काका रेकॉर्डर मांडीवर धरायचे आणि काकी हेडफोन लावून शेजारी. काकांना पडद्यावरची आवाजाची पट्टी हललेली दिसायची, पण ती कशानं हलली ते कळायचं नाही. काकी सांगायची, "आता बोलला. आता दुसऱ्यानं जाब दिला. आता गप झाला." तिनं बोट वर केलं की काका बटण किंचित वाढवायचे, खाली केलं की कमी करायचे. इतकी वर्षं गिरणीच्या गोंगाटात त्या दोघांनी खुणांनीच संसार केला होता, ते मला तिथे बसल्यावर समजलं.

वाऱ्याचा त्रास राहिलाच. रेकॉर्डरबरोबर आलेली स्पंजची टोपी झुळुकीला पुरायची, वाऱ्याला नाही. मी सांगितलं, वरून लांब केसांचं कापड लागतं, केसांत वारा अडकून मरतो आणि आवाज आत जातो. कल्याणच्या दुकानात ते नव्हतं. काकांची नजर महेशच्या जाकिटावर गेली, त्या टोपीच्या केसाळ पट्टीवर. त्यांनी नुसतं बोलून दाखवलं तर काकी जाकीट उचलून आत घेऊन गेली. "तो आला की घालंल," म्हणाली. काका पुन्हा त्यावर बोलले नाहीत.

थंडीत एक दिवस काका आणि मी दोघंच निघालो. काकीला कल्याणला काम आहे म्हणून सांगितलं होतं. कल्याणहून वसई, तिथून पुढे, आणि मग रिक्षानं सुरूच्या बनाच्या किनाऱ्यावर. भरती चढत होती. मी रेकॉर्डर तिपाईवर लावला, पातळी बरीच खाली ठेवली, कारण लाट फुटते तेव्हा एकदम उसळते आणि आवाज फाटतो. काकांनी हेडफोन लावले. ते वाळूत बसले आणि बसूनच राहिले. लाटेचा धपका त्यांना नीट कळत होता, तो जमिनीतून येणारा जाड आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पुष्कळ वेळानं त्यांनी हेडफोन काढले.

"आपली गिरणीच," ते म्हणाले. "लांबून ऐकली की अशीच वाटायची. पोरगा तेच सांगत होता बघ."

 त्यांनी नाक पुसलं. मग म्हणाले, की खालचा आवाज मिळाला, पण वरचा काही असेलच, तो त्यांना ऐकू येत नव्हता. तो काकीलाच विचारायला लागेल. मी त्यांना कळकळीनं सांगितलं की काकीला हे ऐकवू नका. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मंग मला कोण सांगनार?"

आम्ही घरी परतलो तेव्हा काकी अंगणात तांदूळ पाखडत होती. काकांनी तिच्यासमोर पाट ठेवला, तिला बसवलं आणि हेडफोन दिले. कुठलं पाखरू, असं तिनं विचारलं. काकांनी बटण दाबलं.

ती आधी डावीकडे बघायला लागली, मग हळूहळू तिची नजर उजवीकडे सरकत गेली. लाट किनाऱ्याला लांबवर फुटत जाते, ती जशी जात होती तशी काकीची मान जात होती. परत डावीकडे. परत उजवीकडे. तिच्या हातातलं सूप मांडीवर कललं आणि तांदूळ सांडायला लागले. काकांनी सूप काढून घेतलं. ती पूर्ण ऐकत बसली. शेवटी माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "हा थांबतो कवा?"

"थांबत नाही, काकी."

"आनि पलीकडचा काठ?"

"दिसत नाही."

"एवढा मोठा हाय?" ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, कुणालाच न उद्देशून, "मला कोनी सांगितलंच नाय."

ती उठून आत गेली. आम्हाला वाटलं, आता आतून रडणं ऐकू येईल. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात महेशचं जाकीट होतं आणि दुसऱ्या हातात कात्री. आमच्यासमोर बसून तिनं टोपीची केसाळ पट्टी उसवून काढली आणि रेकॉर्डर मागून घेऊन त्याचं माप घेतलं. "वारा येतोय अजून त्यात," ती म्हणाली. "मधी मधी धाडधाड वाजतोय." त्या संध्याकाळी तिनं ताटं दोनच वाढली.

पुढच्या अमावास्येला नदीकाठी महेशचे विधी झाले. देह नव्हता, म्हणून भटजींनी दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायला सांगितला. काकीनं त्या पुतळ्यावर त्याचा शर्ट घातला आणि बटणं शेवटपर्यंत लावली, मग काकांनी त्याला अग्नी दिला. ती तिथे मोकळी रडली, आणि त्यानंतर ती हळूहळू सावरली. गाय होती, वाल-तुरीचं शेत होतं, ती कामाला लागली. खचले ते काका. इतके दिवस तिच्या आशेला सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं, ते संपलं. ओटीवर बसून राहायचे. कुणी हाक मारली तर कान कमी म्हणून नव्हे, तर मुद्दामच ऐकायचे नाहीत.

एका दुपारी ते स्टुडिओत आले आणि विचारलं, की पाण्याच्या आत धरायचा माइक मिळतो का. मिळतो, मी म्हटलं, केबलच्या टोकाला रबरात बंद केलेला असतो. पण तो कशाला हवाय?

"आमी पोराला जाळला रे," ते म्हणाले. "पन तो तर पान्यात हाय."

मी त्यांना परोपरीनं परावृत्त करायला बघितलं. असलं ऐकून काय मिळणार, काकीला काय वाटेल, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी टेबलावर पालथा हात ठेवला. आत काय ऐकू येतं, तेवढंच त्यांना हवं होतं. आत भयंकर असेल तर भयंकर, पण शेवटी पोराच्या कानात काय होतं, ते बापाला ठाऊक असावं.  मी माइक मागवला. तो यायला बरेच दिवस लागले आणि त्या काळात काका रोज फोन करायचे.

एका कोळीवाड्याच्या धक्क्यावरून आम्ही तो पाण्यात सोडला. आधी हेडफोन माझ्या कानावर होते. मला वाटलं होतं, आत मुकी, दाट शांतता असेल. तसं नव्हतं. आत सगळीकडून तडतड येत होती, कढईत लाह्या फुटाव्यात तशी, जवळून, लांबून, खालून, न थांबणारी.  मी हेडफोन काकांना दिले.

त्यांनी ते दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले आणि डोळे मिटले. मी पातळी वाढवली. पट्टी शेवटापर्यंत उड्या मारत होती, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल होत गेलं. बऱ्याच वेळानं ते बोलले, इतकं हळू की शेजारी जाळं विणणाऱ्या माणसालाही ऐकू गेलं नसेल.

"काय नाय रे. शांत हाय."

ती तडतड बारीक होती. त्यांच्या कानांपर्यंत पोचणारी नव्हती. मी केबल गुंडाळायला लागलो.

घरी आल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे हेडफोन काकीला दिले. मला वाटेत ते रेकॉर्डिंग पुसता आलं असतं तर मी पुसलं असतं, पण ते यंत्र त्यांनी जीपमध्ये छातीशी धरून आणलं होतं. काकीनं ऐकायला सुरुवात केली आणि तिची भुवई हलली. तिनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होतो. काका तिच्यासमोर उकिडवे बसले होते, तिच्या तोंडाकडे डोळे लावून, जसे ते ओढ्याकाठी बसायचे.

"काय येतंय?"

काकीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"काय नाय," ती म्हणाली. "शांत हाय."

त्या रात्री काका झोपले, असं काकीनं मला नंतर सांगितलं. बातमी आल्यापासून ते रात्र रात्र बसून काढायचे. त्यानंतर त्यांनी रेकॉर्डर हातात घेतला नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांची छाती भरली. गिरणीचा कोंडा कानातच नव्हे, फुप्फुसातही गेला होता, असं डॉक्टर म्हणाले. कल्याणच्या दवाखान्यात ते थोडे दिवस होते. मी भेटायला गेलो तेव्हा नाकाला नळी होती आणि ते वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारत होते, "काय रे शूटिंग, जेवलास का?" त्याच आठवड्यात ते गेले.

गेल्या महिन्यात कल्याणहून परतताना जीपमध्ये काकी माझ्या शेजारी बसली होती. पेन्शनच्या कुठल्याशा कामाला गेली होती. म्हारळ गेलं, रायतं गेलं, ती खिडकीतून बाहेरच बघत होती. मग न वळता तिनं विचारलं, की पाण्यात ते वाजत होतं ते काय.

मी तेव्हाच शोधून काढलं होतं. कोळंबीच्या जातीचे छोटे जीव असतात, ते नांगी मिटतात तेव्हा तसा आवाज होतो. हजारो असतात, म्हणून थांबत नाही.

"कोलंबी?"

"हो. जिवंत असतात सगळे."

 मुरबाड आलं, माणसं उतरली, नवी चढली, जीप पुढे निघाली. मला स्टुडिओशी उतरायचं होतं, पण उतरलो नाही.

"म्हंजी भरलेलं घर हाय म्हन," ती म्हणाली.

फाट्यावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली. काकी उतरली, पिशवी काखेत धरली आणि पदराच्या गाठीतून कुलपाची किल्ली सोडवत रस्ता ओलांडून गेली.